कोनाड्यातल्या सात जणी

माझा देव हरवला आहे, असं मी अकोटच्या मुक्कामावर बरोबरच्या गाडीवानांना सांगितलं, तेव्हा ते पोट धरून हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. पण मी खरोखरच गाठोडं तिसऱ्यांदा सोडून बसलो होतो. धोतर होतं, कांबळं होतं, सासूबाईंनी बांधून दिलेल्या भाकरी होत्या, आणि ज्या पांढऱ्या फडक्याच्या घडीत आवळ्याएवढा एक काळा दगड असायचा ते फडकं रिकामं होतं. मी ते झटकलं, उलटं केलं, पुन्हा झटकलं. तेव्हा माझं वय तिशीच्या आसपास असेल. आज सत्तरी ओलांडली, तरी हातातलं ते रिकामं फडकं मला आठवतं. पुढं जे घडलं ते मी कुणाला नीट सांगितलं नाही. आमच्या पंथातली माणसं ऐकून रागावतील आणि बाकीची हसतील, म्हणून गप्प बसलो. आता रागावणारेही फारसे उरले नाहीत.

रिद्धपूरजवळच्या एका खेड्यात आमचं घर होतं, महानुभावांचं. लोक आम्हाला मानभाव म्हणत आणि म्हणताना जरा तोंड वाकडं करत. आमच्या घरात देव्हारा नव्हता, कुळाची देवी नव्हती, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला एकही दगड नव्हता. आम्ही देवता मानतच नाही असा लोकांचा समज आहे, तो मात्र खरा नाही. देवता आहेत, पुष्कळ आहेत, आणि आपापल्या ताकदीप्रमाणं त्या माणसाला देतातही. पण जिवाला सोडवणारा परमेश्वर एकच, आणि त्याला सोडून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच आमचं सांगणं. आमचे स्वामी शेकडो वर्षांपूर्वी ज्या ओट्यावर बसले होते, त्या ओट्याच्या दगडाचा एक तुकडा आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. त्याला फूल नाही, शेंदूर नाही, नैवेद्य नाही. सकाळी अंघोळ झाली की फडकं सोडायचं, तो कपाळाला लावायचा, नाव घ्यायचं आणि पुन्हा घडी घालायची. आई जाताना तो तिनं माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बाप्पा, हा जवळ ठेव. आन् याच्याबिगर कोनापुढं वाकू नोको." मी हो म्हटलं. आईला दिलेला शब्द आणि आईचा दगड, एवढ्याच दोन वस्तू मी माझ्या घरातून घेऊन निघालो.

निघालो तो घरजावई म्हणून. अंजनगाव सुर्जीला माझ्या सासऱ्यांचा पानमळा होता, विड्याच्या पानांचा, आणि मुलगी एकच, सारजा. त्यांना मळ्याला माणूस हवा होता आणि मला घर हवं होतं. पानमळ्याचं सोवळं देवळापेक्षा कडक असतं. वाफ्यात पाय ठेवण्याआधी पाय धुवायचे, वहाणा बाहेर, शिवी तोंडातून काढायची नाही. वेलीला चालत नाही म्हणतात. ते सगळं मी आनंदानं पाळलं. अडलं ते विहिरीवर. विहिरीच्या पायऱ्या जिथं सुरू होतात तिथं भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात शेंदरी झालेले सात दगड ओळीनं मांडलेले होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. मोट जुंपण्याआधी त्यांच्यावर पाणी घालून हात जोडायचे, असा त्या घराचा नेम होता. मी हात जोडत नसे. सासरे होते तोवर ते हसण्यावारी न्यायचे. ते गेल्यावर एक दिवस मामींनी, म्हणजे माझ्या सासूनं, मला सरळ विचारलं. मी म्हणालो, "मामी, आम्ही दगडाला नमस्कार करत नाही. स्वामींचा स्पर्श झाला त्या स्पर्शाला करतो." मामी कपड्याची घडी घालता घालता म्हणाल्या, "आमी तरी दगडाले कुठी करतो, जवाईबापू? आमी पान्याले करतो." ते ऐकून मी आणखी ताठ झालो. माझा स्वभावच तसा होता.

सारजाला दिवस गेले. आमच्या भागात पहिलटकरणीनं नवऱ्याला बरोबर घेऊन विहिरीवर आसरांची ओटी भरायची असते. मामींनी चोळीचा खण आणला, बांगड्या आणल्या, नारळ आणला. मी नाही म्हणालो. सारजा मला समजावत होती, "तुमी नुसते बाजूले उभे राहा. हात नोका जोडू. आईले बरं वाटीन." मी तेवढंही केलं नाही. आईला दिलेल्या शब्दाचा मला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर बायकोपेक्षा आपला हट्ट मोठा वाटण्याचं ते वय होतं. ती एकटीच गेली, एकटीनंच ओटी भरली. नऊ महिने भरल्यावर बाळंतपणात ती गेली आणि पोरही गेलं. मामींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. तो लावला असता तर मी भांडलो असतो आणि हलका झालो असतो.

तेराव्यानंतर एका दुपारी मामी मळ्यात पान खुडत होत्या आणि मी विहिरीवर एकटाच होतो. कोनाड्यातल्या त्या सात जणी तशाच होत्या, तेलानं चकचकीत, पुढं सारजानं वाहिलेल्या बांगड्यांच्या काचा. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी त्यातली कडेची एक उचलली आणि विहिरीत फेकली. डुबुक असा एक आवाज झाला आणि पाणी पुन्हा स्थिर झालं. मी तिथंच पायरीवर बसलो. ज्यांच्या दारात उभं राहायचं नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आलो होतो, त्यांच्यावर मी रागावलो कसा? त्यांनी सारजाला वाचवलं नाही म्हणूनच ना? म्हणजे त्या वाचवू शकत होत्या, असं मनात कुठंतरी मी धरलं होतं. आणि मग माझा एकमेव परमेश्वर? त्याच्याकडे मी काही मागितलंच नव्हतं, कारण आमच्यात असं मागत नाहीत. त्या दिवसापासून मी सकाळी फडकं सोडायचो, दगड कपाळाला लावायचो, पण तोंडातून नाव निघायचं नाही. कोनाड्याकडे तर बघायचं धाडसच होईना. आणि एक वाईट खोड लागली. नदीवर, बाजारात, वाटेवर, कुठंही बायकांचा घोळका दिसला की मी त्या मोजायचो.

घरात आम्ही दोघंच राहिलो, सासू आणि जावई, मधे जिच्यामुळं नातं होतं ती नाही. मामी चुलीपाशी, मी ओसरीवर. जेवायला वाढलं आहे, बैलाला चारा घातला आहे, उद्या पानाचा बाजार आहे, एवढंच बोलणं. त्यांचे देव आत, माझा देव खुंटीवरच्या गाठोड्यात. मी त्या घरात पाच वर्षं राहिलो होतो, पण आता संध्याकाळी ओसरीवर बसलं की आपण कुणाच्या तरी घरी चुकून आलो आहोत, असं वाटायचं. मामींना काय वाटत असेल याचा विचार मी केला नाही. दुःख झालं की माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर बहिराही झालो होतो.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली होती म्हणून विलायतेला कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीची रानं मोडून लोकांनी कापसाची पऱ्हाटी लावली. शेजारच्यांनी तर पानमळे उपटले, आणि ज्या वाफ्यात अनवाणी जायचं तिथं वहाणा घालून नांगर धरला. मजूर मिळेना, जो तो कापसाच्या मागं. ज्याच्याकडे गाडी आणि बैलजोडी त्याला तर मान वर करायला फुरसत नव्हती. अकोल्याला आगगाडीचा रस्ता तयार होत होता, तिथंही माणसं हवी होती. दिवाळी झाल्यावर अंजनगावहून कापसाच्या गाड्यांचा एक तांडा निघाला आणि मी त्यात आमची गाडी घातली. मामींना सांगितलं, महिन्याभरात येतो. मनात होतं, परत यायचंच नाही. अकोल्याहून कुणाच्या तरी हाती गाडी-बैल पाठवून द्यायचे आणि आपण कुठंतरी पोट भरायचं. माझं तिथं कोण होतं? निघताना मामींनी माझं गाठोडं आतून बांधून आणलं, भाकरी आहेत म्हणाल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या. मी वळून पाहिलं नाही.

अकोटला गाठोडं सोडलं तो देव नव्हता. रस्त्यात पडला असेल, कुणी खोडसाळपणा केला असेल, की निघण्याच्या घाईत मीच कुठं ठेवला असेल, काही कळेना. मग मनानं दुसरंच धरलं. तू त्यांची एक बुडवलीस, आता तुझा गेला. ज्या देवतांपुढं मी कधी वाकलो नव्हतो त्यांनी मला बरोबर शिक्षा केली, असं माझ्या मनानं मला सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं. त्यानंतरचे तीन महिने मी अकोल्यात गाडी भाड्यानं चालवत काढले, ती घरी पाठवायचं राहूनच गेलं. कापसाच्या राशी, उन्हात उडणारी ती पांढरी धूळ, परगावची हजार माणसं. कुणी बंगालचा, कुणी मुंबईचा, कुणी नुसताच कुठलातरी. इतक्या माणसांत मी एकटा होतो तसा पुढं कधी झालो नाही. सकाळी अंघोळ झाली की हात सवयीनं गाठोड्याकडे जायचा आणि परत यायचा. परमेश्वर दगडात नाही, हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण पाठ असून काय उपयोग? हातात धरायला काही नसलं की पाठ केलेलं तोंडातच राहतं.

माघात मी अकोटकडून कापूस भरून पुन्हा अकोल्याला निघालो होतो. पूर्णा ओलांडण्याआधीच मला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. त्या साली पटकीची साथ कापसाच्या गाड्यांबरोबरच गावोगाव फिरत होती. दुपारपर्यंत माझे डोळे खोल गेले आणि पायात गोळे यायला लागले. तांड्यातल्या लोकांनी मला वाटेच्या कडेला एका बाभळीखाली टाकलं. त्यांचा राग मी धरत नाही, भीती सगळ्यांनाच असते. माझी गाडी त्यांच्यातल्याच एकानं पुढं नेली, आणि पुढं मी घरी परतल्यावर त्यानं ती इमानानं आणून पोचवली. जाताना तांड्याचा म्होरक्या म्हणाला, "पानी नोको पिऊ भाऊ. पटकीत पानी म्हनजे मरन." तेव्हा सगळे असंच समजायचे. नदी हाकेच्या अंतरावर होती. वाऱ्याबरोबर पाण्याचा ओला वास येत होता, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. मला मरणाचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की नाव घ्यायचं तर कुणाचं घ्यावं. परमेश्वराचं नाव ओठावर आलं आणि थांबलं. देव हरवून बसलेल्या माणसानं ते कुठल्या तोंडानं घ्यावं?

उन्हं कलली होती. वाटेवरून बायका येताना दिसल्या, डोक्यावर वेचलेल्या कापसाची गाठोडी, एकामागं एक. डोळ्यांपुढं सगळं हलत होतं, तरी खोड सुटली नाही, मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. सहापर्यंत आलो आणि मला रडू फुटलं, कारण सहाच असणार हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात पऱ्हाटीतून आणखी एक बाई बाहेर आली. काळीसावळी, चाळिशीची, हातात पाण्याचं मडकं. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि इतरांवर ओरडली, "पाहून काय राहिल्या? मानूस हाये." बाकीच्या मागं सरल्या. ती वाकली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मडकं तोंडाला लावलं. मी म्हणालो, पाणी चालत नाही. ती म्हणाली, "कोन सांगतलं? बिनपान्याचं त गवत बी मरते. पी."

मी प्यायलो. ओकलो. तिनं पुन्हा पाजलं. घोट घोट करून ती पाजत राहिली, आणि मी मेलो नाही. शेतातल्या राखणीच्या खोपटात त्या बायकांनी मला नेऊन ठेवलं आणि पाच-सहा दिवस आळीपाळीनं भाताची पेज आणि मिठाचं पाणी दिलं. मी शुद्धीवर आलो त्या सकाळी ती बाई दारात बसून सरकीचे दाणे निवडत होती. मी तिला विचारलं, "तुम्ही सातजणी आहात का?" ती म्हणाली, "कधी पाच असतो, कधी धा. कावून इचारतो?" मी सगळं सांगितलं, कोनाडा, सारजा, विहीर, माझा हरवलेला देव. दुसऱ्या कुणाला मी ते सांगू शकलो नसतो. ती ऐकत होती, हात चालूच होते. मग म्हणाली, "हरवला म्हनजे? देव काय बैल हाये, दावं तोडून जाईन?" मला इतक्या दिवसांनी हसू आलं. मी विचारलं, तुमचा देव कोणता? तिनं खांदे उडवले. "हाये का नाही, मले ठाऊक नाही, भाऊ. कोनं दाखवला नाही. तुले तहान लागली हे मात्र दिसत होतं." मग तिनं विचारलं, "मामी कोन हाये तुई?"

"का?"

"तापात तेच म्हनत होता. मामी, मामी. दुसरं काही नाही."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मला वाटत होतं, शेवटच्या घटकेला मी आईला बोलावीन, सारजाला बोलावीन, परमेश्वराला बोलावीन. आणि मी बोलावलं ते ज्या बाईशी वर्षभर धड चार वाक्यं बोललो नाही तिला. चालता येऊ लागल्यावर मी अकोल्याकडे न जाता अंजनगावचा रस्ता धरला. त्या बायांना निरोप द्यायला गेलो तर त्या पुढच्या शेतात वेचणीला गेल्या होत्या. दुरून त्यांची ओळ दिसत होती. मी त्या मोजल्या नाहीत.

घरी पोचलो तेव्हा सकाळचा दुसरा प्रहर असेल. मळ्याच्या फाटकाशी उभा राहिलो. निम्म्याहून जास्त वेली वाळून गेल्या होत्या. पण विहिरीजवळच्या तीन ओळी हिरव्यागार होत्या. मोट ओढायला बैल नव्हते, मजूर मिळत नव्हता. मामींनी त्या तीन ओळी कळशीनं पाणी घालून जगवल्या होत्या. साठीची बाई, पायऱ्या उतरून, चढून. शेजाऱ्यांनी मळा मोडून कापूस लावायला सांगितलं तेव्हा त्यांनी म्हणे सांगितलं होतं, जवाई येतीन तवा त्याइले इचारीन. मी वहाणा काढल्या, फाटकाशी ठेवलेल्या पाण्यानं पाय धुतले आणि आत गेलो. मामी विहिरीवरच होत्या. मला पाहून त्यांनी कळशी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "लय वाळले जी तुमी." आणि मग लगेच, "भाकर टाकतो, बसा." मी बसलो नाही, कारण माझी नजर कोनाड्यात गेली होती.

कोनाड्यात सात होत्या.

सगळ्या सारख्याच शेंदरी, ताज्या, तेलानं ओल्या. मी जवळ गेलो. मामी मागून म्हणाल्या, "यंदा साऱ्याइचं शेंदराचं कवच गळलं. माघात. मंग म्याच साऱ्याइले नवा शेंदूर लावला." मी विचारलं, "सात कशा?" मामींनी कोनाड्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तुमचा देव हाये त्यात." मला कळायला वेळ लागला. निघण्याच्या सकाळी गाठोडं बांधताना त्यांनी फडक्यातून तो काढून घेतला होता.

आईचा दगड, ज्याला आमच्या सात पिढ्यांत कुणी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं, तो आसरा होऊन बसला होता. त्याच्यावर नारळ फुटले होते, त्याला हळद लागली होती. मला राग यायला हवा होता, आणि तो येईना. मामी घाबरल्या असाव्यात, कारण त्या भराभर बोलायला लागल्या. एवढं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "तुमी जाऊन राहिले होते. महिन्यात येतो म्हनत होते, पन म्या तोंड पायलं तुमचं. येनार नव्हते तुमी. मले वाटलं, मानूस जाईन, पन देव इथी राहिला त कवा तरी न्याले येईन. चोरी केली म्या, जवाईबापू." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आन् इथी याइची एक कमी होती. तिकडं तुमचा एकटाच होता गाठोड्यात. खुंटीवर. एकट्याले कसं करमीन?"

एक कमी होती. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मामी, ती मीच..."

"ठाऊक हाये मले. म्या मळ्यातून पायलं होतं."

इतके दिवस त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. त्यांची देवी मी बुडवली हे पाहूनही मला रोज ताट वाढलं, आणि रिकाम्या जागी माझा देव आणून बसवला. मामी आत गेल्या आणि खुरपं घेऊन आल्या. ते माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "खरवडून पाहा. तुमचा कोनता थो तुमाले दिसन. काढून घ्या. मले राग नाही." मी खुरपं हातात घेतलं. शेंदूर खरवडायला किती वेळ लागला असता? तुकड्याच्या एका बाजूला पांढरी शीर होती, लगेच ओळखता आला असता. पण ज्या दगडाला मी आधी खुरपं लावीन तो माझा नसला तर? आणि माझा असला तर? मी आईला शब्द दिला होता, याच्याशिवाय कुणापुढं वाकणार नाही. आता मला माझ्या देवापुढं वाकायचं असलं तर सातांपुढं वाकावं लागत होतं. आणि सातांपुढं वाकायचं नसेल तर माझ्या देवापुढंही कधी वाकता येणार नव्हतं. आई काय म्हणाली असती मला माहीत नाही. मी खुरपं खाली ठेवलं, मामींच्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि कोनाड्यात घातलं. मग कपाळ दगडाच्या कडेला टेकवलं. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून नाव निघालं. ते आमच्या परमेश्वराचंच निघालं, जसं आईनं शिकवलं तसं. मामी शेजारी उभ्या राहून आपल्या आसरांना हाका मारत होत्या. कुणाची हाक कुणाला पोचली हे मी सांगू शकत नाही.

पूर्णेच्या काठावर मला पाणी पाजलं ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. ती कापूस वेचणारी बाई होती, आणि तिला देव आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. मी सहा मोजल्या आणि सातवी पऱ्हाटीतून आली, त्या वेळी इकडे कोनाड्यात सात झाल्या होत्या, एवढंच मला माहीत आहे. लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, शेजाऱ्यांनी पुन्हा पानमळे लावले. वेलीची लावण त्यांनी आमच्याच तीन ओळींतून नेली. मामी त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. संध्याकाळी त्या चुलीपाशी न बसता ओसरीवर येऊन बसायच्या आणि बोलायच्या, बोलायच्या म्हणजे किती, मला कधीकधी कान झाकावेसे वाटायचे. शेवटच्या आजारात त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "मी गेल्यावर तुमचा देव घेऊन जा तुमच्या गावाले. आता कोनी धरून ठेवनारं नाही." मी म्हणालो, "नाही मामी. त्याला इथं करमतं." त्या हसल्या आणि त्यांनी डोळे मिटले, तेव्हा मला वाटलं, झोपल्या.

आता मी एकटाच आहे. सकाळी मोट जुंपण्याआधी पाय धुतो, सातांवर पाणी घालतो आणि आमचं नाव घेतो. पांढरी शीर कोणत्या दगडात आहे हे मी आजवर पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं की मामींचं ते घाबरून भराभर बोलणं आठवतं, आणि हात आपोआप जोडले जातात. मला घरी आणण्यासाठी देवाला चोरीला जावं लागलं, शेंदूर लावून घ्यावा लागला, दुसऱ्याच्या ओळीत बसावं लागलं. त्यानं ते सगळं करून घेतलं, आणि मला मात्र एकदा मान वाकवायला पाच वर्षं लागली.